गोल्फ क्लब : प्रवेश शुल्कात काय येते?
भुशी धरणावरून पुढे जाणारा रस्ता अॅम्बी व्हॅलीला जातो. तिथे १८ होलचे (चेंडू टाकायच्या खळग्यांचे) गोल्फ मैदान आहे. पुण्यात येरवड्यालाही तसे एक आहे. क्लबात पहिल्यांदाच शिरणाऱ्यांचा एक समज सर्रास आढळतो : एकदा प्रवेश शुल्क भरले की पुढे खेळ फुकट.

प्रवेश शुल्क म्हणजे फक्त सदस्य होण्याची किंमत. फ्लॅट घेतला तरी सोसायटीचा मेंटेनन्स सुटत नाही, तसेच इथेही. वर्गणी वेगळी असते. शिवाय काही ठिकाणी दर फेरीला ग्रीन फी (मैदान वापरण्याचे शुल्क) आणि कॅडीची (साहित्य वाहणाऱ्या मदतनिसाची) मजुरी द्यावी लागते.

म्हणून अर्जापूर्वी विचारावे : सदस्यत्व किती वर्षांचे? सोडल्यास पैसे परत मिळतात का? शनिवार-रविवारी टी टाइम (खेळ सुरू करण्याची ठरलेली वेळ) मिळतो का? मावळातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसात मैदान किती दिवस बंद असते?

१८ होलच्या फेरीला साधारण चार तास लागतात. एवढी सवड महिन्यातून एखाद्या वेळीच मिळणार असेल, तर जिथे सोय आहे तिथे फेरीपुरते पैसे भरून खेळणेच परवडते.