उत्तेजक द्रव्यें आणि परका परीक्षक

औषध घेऊन धावण्याचा प्रकार कांहीं आजचा नव्हे. १९०४ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें मॅरॅथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या साहाय्यकांनीं वाटेंत ब्रँडी व स्ट्रिक्निन नांवाचें विष दिलें होतें. आणि तें तेव्हां नियमाविरुद्धही नव्हतें! १९२८ त मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें बंदी घातली खरी, पण तपासणीचें साधन नसल्यामुळें ती कागदावरच राहिली.

आतां खेळाडूचें मूत्र दोन कुप्यांत भरून मोहोरबंद करतात. कुपीवर नांव नसतें, क्रमांक असतो. पहिलींत दोष निघाल्यास दुसरी आपल्या समक्ष उघडण्याची मागणी खेळाडूस करतां येते. व्यवस्था चोख दिसते. पण तपासणाराच फितूर झाला तर?

२०१४ सालीं रशियांत सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें नेमकें हेंच घडलें. प्रयोगशाळेच्या भिंतीस एक भोंक पाडलेलें होतें. रात्रीं त्यांतून रशियन खेळाडूंच्या कुप्या पलीकडे जात, बूच न मोडतां उघडल्या जात, आणि महिनोन्‌महिने आधीं सांठवून ठेवलेलें निर्दोष मूत्र भरून परत येत. प्रयोगशाळेचा संचालक ग्रिगोरी रोदचेन्कोव्ह यानेंच पुढें २०१६ त अमेरिकेंतून हें सारें उघड केलें. तपास झाला तेव्हां बुचांच्या आंतल्या अंगास ओरखडे सांपडले.

मास्तरकी केलेल्या माणसास याचें फारसें नवल वाटत नाहीं. मॅट्रिकच्या उत्तरपत्रिका त्याच शाळेंतील शिक्षकाकडे तपासावयास देत नाहींत, तें शिक्षक लबाड असतात म्हणून नव्हे. आपल्या शाळेचा निकाल चांगला लागावा ही इच्छा प्रामाणिकासही असते. मग राष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट काय सांगावी?

म्हणूनच १९९९ सालीं ‘वाडा’ ही जागतिक संस्था निघाली. तिची कचेरी कॅनडांत माँट्रियल येथें आहे. खर्चाचा भार ऑलिंपिक चळवळ व निरनिराळीं सरकारें निम्मा-निम्मा उचलतात. सरकारांस बांधून घेणारा करार २००५ सालीं युनेस्कोनें केला, व भारत त्यांत २००७ सालीं सामील झाला. या देखरेखीचा चटका आपणांसही बसला. ऑगस्ट २०१९ मध्यें वाडानें दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता स्थगित केली, आणि डिसेंबर २०२१ मध्यें ती परत मिळेपर्यंत आपल्या खेळाडूंचे नमुने परदेशीं पाठवावे लागले. कित्येकांस हा अपमान वाटेल. मला तसें वाटत नाहीं. ज्या प्रयोगशाळेचा निकाल जग मानीत नाहीं, तिनें निर्दोष ठरविल्याचा आपल्याच खेळाडूस उपयोग तो काय?

ट्युनिशियाची हबीबा घ्रीबी २०१२ सालीं लंडन येथें ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत दुसरी आली. पहिल्या आलेल्या रशियन धावपटूचा दोष सिद्ध होऊन सुवर्णपदक हबीबाच्या हातीं पडलें तें २०१६ सालीं, मायदेशीं. लंडनच्या मैदानावर राष्ट्रगीत मात्र रशियाचें वाजून गेलें होतें.