बेडक्याची डबी : सुरक्षितता घरापासूनच

क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत मिसळतात. म्हणूनच प्रयोगशाळेत संशयित रुग्णाच्या बेडक्याची तपासणी करताना तंत्रज्ञ हातमोजे घालतात आणि हवा गाळून बाहेर सोडणाऱ्या सुरक्षा-कपाटाचा आधार घेतात. घरी असे कपाट नसते. तेथे मोकळी हवा हेच संरक्षण होय.

नमुना शक्यतो सकाळी, काही खाण्यापूर्वी घ्यावा. कवळी असल्यास काढून ठेवावी व साध्या पाण्याने चूळ भरावी. रुग्णाने अंगणात किंवा उघड्या खिडकीपाशी बसून, दीर्घ श्वास घेऊन खोल खोकावे. डबीत लाळ नव्हे, छातीतील बेडका हवा. वृद्धांना आधार द्यावा लागत असल्यास शुश्रूषा करणाऱ्याने एन-९५ मास्क लावून पाठीमागे उभे राहावे; समोर राहू नये.

झाकण घट्ट लावावे, नाव झाकणावर न लिहिता डबीवर लिहावे आणि हात साबणाने धुवावेत. डबी त्याच दिवशी पोहोचवावी.

गळकी डबी हाताळणाऱ्याला अपायकारक ठरू शकते. शिवाय नमुना नाकारला गेल्यास निदान लांबते. आणि खोकला २ आठवड्यांहून अधिक टिकला, तर ‘वयामुळे असेल’ असे म्हणून तपासणी टाळू नये.