सेलमधला वाद्यवृंद

सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या वादकांनी खऱ्या वाद्यांवर वाजवलेल्या सुट्या स्वरांच्या ध्वनिमुद्रणांचा संच. व्हायोलिनवादकांचा ताफा एका दालनात बसवतात आणि एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळ्या ताकदीने वाजवून घेतात. कधी लांब गजाने, कधी तुटक, कधी बोटाने तार छेडून. अशी हजारो मुद्रणे एका सॉफ्टवेअरमध्ये लावली की संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबताच नेमका तो स्वर त्या ताकदीने वाजतो. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हटले की जत्रेतला किंवा गणपतीतला चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. इथे अभिप्रेत आहे तो पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद: तंतुवाद्ये, लाकडी व पितळी फुंकवाद्ये आणि तालवाद्ये मिळून साठ ते शंभर वादकांचा.

मुंबईच्या चित्रपटसंगीताला हा नाद नवा नाही. गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि अरेंजरांनी तो इथे रुजवला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले व्हायोलिनचे मोठे ताफे सेबॅस्टियन डिसोझा यांच्या लेखणीतून उतरले. अनिल मोहिले यांच्यासारख्या मराठी अरेंजरांनी ती विद्या पुढे नेली. नंतर संगणक आला आणि खर्च वाचवण्यासाठी ताफे लहान होत गेले. तरीही खऱ्या वाद्यवृंदाची ओढ संपली नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. सिनेसँपल्स या कंपनीच्या तंतुवाद्यांच्या आणि पितळी वाद्यांच्या लायब्रऱ्या याच दालनात ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. म्हणजे ‘सैराट’चे सूर ज्या भिंतींवर आदळून परतले, त्याच भिंतींचा घुमारा सावित्रीच्या खाडीकाठी महाडजवळच्या दासगावात बसलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर येऊ शकतो.

असा मुलगा काल्पनिक मानायचे कारण नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात अनेकांच्या घरी कीबोर्ड आहेत. भजनी मंडळाच्या गाण्यांचे ट्रॅक, जाखडीची गाणी, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पार्श्वसंगीत, एकांकिका, लघुपट, आणि चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ २० मार्चच्या सुमारास महाडात घुमणारी भीमगीते, या सगळ्यांत संगीत जुळवणाऱ्या हातांना काम असते. कीबोर्डमधले ‘स्ट्रिंग्ज’ हे बटण एका टप्प्यानंतर अपुरे वाटू लागते. नेमके त्याच सुमारास फोनवर सेलच्या जाहिराती यायला लागतात.

या सेलचे वेळापत्रक ठरलेले आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरचा शुक्रवार, म्हणजे ब्लॅक फ्रायडे, हा सर्वांत मोठा. आपल्याकडे दिवाळीची खरेदी नुकतीच आटोपलेली असते तेव्हाच हा येतो. त्यानंतर नाताळ, मग उन्हाळा, शिवाय नवी लायब्ररी बाजारात येतानाची प्रारंभीची सवलत. तीस, चाळीस, पन्नास टक्के सूट सर्रास दिसते. जी लायब्ररी आज अर्ध्या किमतीत आहे ती सहसा पुढच्या सेलमध्येही त्याच आसपास येते. ‘शेवटचे ४८ तास’ असा आकडा उलटा पळताना दिसला तरी संधी हातची गेली असे समजण्याचे काहीच कारण नाही. खोडलेली मूळ किंमत पाहून नव्हे, तर गेल्या वर्षभरातल्या सवलतीच्या किमती पाहून भाव ठरवावा.

घाई टाळण्याचे दुसरे कारण परवान्यात आहे. लायब्ररी विकत घेतली म्हणजे ती वापरण्याचा परवाना मिळतो. तिच्यावर रचलेले संगीत विकता येते, चित्रपटात वापरता येते. सुटी मुद्रणे मात्र दुसऱ्याला देता येत नाहीत. बहुतेक कंपन्या परवाना पुढे विकू देत नाहीत, आणि एकदा डाउनलोड केल्यावर पैसेही परत मिळत नाहीत. जुना हार्मोनियम विकता येतो, चुकून घेतलेली लायब्ररी विकता येत नाही.

किंमत बहुधा डॉलर, पौंड किंवा युरोत असते. त्यावर काही विक्रेते भारतातला १८ टक्के जीएसटी लावतात, बँक परकीय चलनाचे शुल्क घेते. शंभर डॉलरचा हिशेब हे धरूनच करावा. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करून ठेवावे लागतात, नाहीतर सेलच्या शेवटच्या रात्री व्यवहार अडतो. विद्यार्थ्यांना अनेक कंपन्या वर्षभर वेगळी सवलत देतात; महाविद्यालयाचे ओळखपत्र असलेल्याने ती आधी तपासावी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. लायब्ररीचा दर्जा तिच्या गिगाबाइटवर ठरत नाही. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे ताकदीचे थर. खरा वादक जोरात वाजवतो तेव्हा आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोत बदलतो. हळू फुंकलेला हॉर्न मऊ असतो, जोरात फुंकलेला धारदार. लायब्ररीत एकच थर असेल तर आवाज वाढवला तरी तोच मऊ हॉर्न मोठ्याने ऐकू येतो, आणि कानाला खोटेपणा लगेच जाणवतो. दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. एकच तुटक स्वर आठ वेळा वाजवला आणि आठही वेळा तेच मुद्रण वाजले तर तो मशीनगनसारखा खडखडतो. म्हणून चांगल्या लायब्ररीत एकाच स्वराची तीन-चार वेगवेगळी मुद्रणे असतात आणि ती आळीपाळीने वाजतात. याला राउंड रॉबिन म्हणतात.

तिसरी गोष्ट लिगॅटोची, आणि मराठी कानासाठी हीच सर्वांत महत्त्वाची. लिगॅटो म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात न तुटता जाणे. चांगल्या लायब्ररीत दोन स्वरांमधला हा प्रवास स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेला असतो. पण तो पाश्चात्त्य पद्धतीचा असतो. आपल्या गाण्यातली मींड, कण, मुरकी त्यात नसते. लता मंगेशकरांच्या गाण्यामागे व्हायोलिनचा ताफा गळ्याबरोबर वळतो, तसे वळण तयार लायब्ररीतून काढायला फार कष्ट पडतात. ज्याला भावगीताच्या चालीवर तंतुवाद्ये हवीत त्याने लिगॅटोबरोबर पोर्टामेंटो, म्हणजे घसरत जाणारा स्वर, आहे का ते डेमोमध्ये ऐकावे. ज्याला एकांकिकेसाठी ताणतणावाचे पार्श्वसंगीत हवे त्याला याची गरज कमी. त्याला तुटक तंतुवाद्ये, ट्रेमोलो (थरथरता स्वर) आणि पितळी वाद्ये लागतील.

चौथी गोष्ट दालनाची. व्हिएन्नातले चेलोवादक हर्ब टुचमांडल यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीने आरंभी मुद्दाम बांधलेल्या, कमी घुमणाऱ्या ‘सायलेंट स्टेज’वर ध्वनिमुद्रण केले. तिथला स्वर कोरडा. त्याला हवे ते दालन नंतर जोडता येते. उलट बर्लिनच्या टेल्डेक्स स्टुडिओत झालेल्या ऑर्केस्ट्रल टूल्स कंपनीच्या किंवा लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेल्या स्पिटफायर कंपनीच्या लायब्ररीत दालनाचा घुमारा स्वरातच मुरलेला असतो. नवशिक्याला हा मुरलेला घुमारा सोयीचा, कारण पट्टी दाबताच आवाज पूर्ण वाटतो. मात्र तीन कंपन्यांची तीन दालने एका गाण्यात मिसळली की वादक वेगवेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे ऐकू येतात. सेलमध्ये इथून व्हायोलिन, तिथून बासरी, आणखी कुठून ट्रम्पेट असे वेचून घेणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. पहिली खरेदी एकाच दालनातल्या संपूर्ण वाद्यवृंदाची असावी, मग तो लहान असला तरी चालेल.

खरे तर पहिली लायब्ररी विकत घेण्याचीही गरज नाही. स्पिटफायरची ‘बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ मोफत मिळत आली आहे आणि ती जेमतेम दोनशे एमबीची आहे. तिचीच सर्वांत मोठी, व्यावसायिक आवृत्ती सुमारे सहाशे जीबीची. ऑर्केस्ट्रल टूल्सची ‘बर्लिन फ्री ऑर्केस्ट्रा’ही मोफत आहे. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलरच्या परवान्यात मिळते. एवढ्या साहित्यावर सहा महिने काम केले की नेमके काय कमी पडते ते कळते, आणि सेलमध्ये तेवढेच घेता येते.

या सहा महिन्यांत शिकायचे आहे ते वाद्यवृंदाचे व्याकरण. कीबोर्डवाला दोन्ही हातांनी जाड कॉर्ड धरतो आणि त्याला ‘स्ट्रिंग्ज’ लावतो. पण सोळा व्हायोलिनांच्या मुद्रणावर तीन स्वरांची कॉर्ड वाजवली की कानाला अठ्ठेचाळीस व्हायोलिन ऐकू येतात. अख्ख्या वाद्यवृंदातही इतके नसतात. तीच कॉर्ड पहिले व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांना एकेक स्वर वाटून दिली तर मोफत लायब्ररीही भारदस्त वाजते. बासरीवादकाला श्वास घ्यावा लागतो, तेव्हा बासरीच्या ओळीत जागा सोडावी. कीबोर्डवरचे मॉड्युलेशनचे चाक फिरवून लांब स्वर फुलवावा आणि मिटवावा. सपाट ठेवलेला लांब स्वर कितीही महाग लायब्ररीत निर्जीवच राहतो.

खरेदीआधी दोन तांत्रिक खुणा तपासाव्यात. काही लायब्रऱ्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरवर चालतात, तर काहींना विकतचे पूर्ण कॉन्टॅक्ट लागते. प्लेअरवर त्या थोड्याच वेळात बंद पडतात. वेबपानावर ही ओळ बारीक अक्षरांत असते. दुसरी खूण वर्गणीची. ईस्टवेस्टसारखी कंपनी मासिक वर्गणीत अवाढव्य संग्रह देते. एखाद्या लघुपटाच्या महिन्यापुरता तो उपयोगी आहे, पण वर्गणी थांबली की त्या आवाजांवर रचलेली जुनी गाणी उघडूनही वाजत नाहीत. ज्याची कमाई हंगामी आहे त्याने विकतची लहान लायब्ररी घ्यावी.

दासगावसारख्या ठिकाणी संगणकाचा आणि पावसाचाही विचार करावा लागतो. मोठी लायब्ररी चालवायला निदान १६ जीबी रॅम आणि एसएसडी डिस्क हवी. जुन्या फिरत्या डिस्कवरून स्वर वेळेत पोचत नाहीत आणि आवाज तुटतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून शेकडो जीबी उतरवणे म्हणजे दिवसचे दिवस. ते काम महाडला किंवा मुंबईला ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे बाहेरची एसएसडी नेऊन उरकावे. जुलै २००५ मध्ये दासगावात दरड कोसळून माणसे गेली आणि जुलै २०२१ मध्ये महाड पुराच्या पाण्यात बुडाले. म्हणून गाण्यांच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. विकत घेतलेली लायब्ररी खात्यावर नोंदलेली असते आणि पुन्हा उतरवता येते, पण स्वतः रचलेले गाणे कोणत्याही कंपनीच्या खात्यावर नसते.

चोरीच्या प्रतींबद्दलही लिहायला हवे, कारण त्या गावोगावी पेन ड्राइव्हवरून फिरतात. त्यात व्हायरस असू शकतो, अपडेट मिळत नाहीत, आणि व्यावसायिक कामात परवाना विचारला गेला तर तोंड लपवावे लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्यांनी तासन्‌तास एकेक स्वर वाजवला त्या वादकांच्या श्रमाचा तो अपमान आहे. मोफत आणि चांगले उपलब्ध असताना त्याची गरजही नाही.

जगातल्या कोणत्याही सिंफनी लायब्ररीत कोकणातला खालूबाजा नाही. खालूबाजात शिमग्याच्या पालखीपुढे वाजणारी सनई आणि ढोल ही या भागाची स्वतःची वाद्ये आहेत, आणि ती वाजवणारे हात कमी होत आहेत. साधा हातातला रेकॉर्डर आणि शांत दुपार मिळाली तर वादकाच्या परवानगीने, त्याला योग्य बिदागी देऊन, एकेक स्वर आणि एकेक ठोका हळू, मध्यम, जोरात असा ध्वनिमुद्रित करता येतो. सेलमधून वाचलेले पैसे दासगावच्या मुलांनी पुढच्या शिमग्याला या कामी लावावेत.