प्रगतिपुस्तकावरील शेरा

दिवाळीची सुटी लागतांना आणि पुढें वार्षिक निकालाच्या दिवशीं घरोघर प्रगतिपुस्तकें येतात. गुण सर्वजण पाहतात. शेजारच्या रकान्यांतील दोन ओळींचा शेरा मात्र लिहिणारा घाईनें लिहितो आणि वाचणाराही घाईनेंच वाचतो. असे शेकडों शेरे मीं लिहिले. त्यांतील एक अद्यापि मनास सलतो.

वळसंग हें आमचें गांव सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या बाजूस पुष्कळ घरांतून कानडी बोलली जाते. जवळच्याच एका शाळेंत असतांना सातवींतील एका मुलीच्या पुस्तकावर मीं लिहिलें, ‘गणितांत फारच कच्ची. प्रगति समाधानकारक नाहीं.’ आईबापांस मराठी वाचतां येत नव्हतें. तेव्हां तो शेरा त्या मुलीनेंच वाचला, आणि प्रामाणिकपणें कानडींत सांगितला. बापाचें अनुमान सरळ होतें : गुरुजीच असें म्हणतात, तर वह्यांचा खर्च कशाला? जूनमध्यें ती वर्गांत दिसली नाहीं. मी घरीं गेलों तों धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती दारांत उभी होती. ती पुन्हां शाळेंत आली नाहीं.

वस्तुतः तिला गुणाकार चांगला येत असे. अडत होतें तें भागाकारांत, आणि तेथेंही एकाच जागीं. ६१२ ला ६ नें भागतांना १०२ ऐवजीं ती १२ लिही. हें मला ठाऊक होतें. मीं तें लिहिलें नाहीं.

संस्कृत शिकविणाऱ्यास विशेषण आणि क्रियापद यांतील भेद कोणी सांगावा लागूं नये; पण मला तो या शेऱ्यानें शिकविला. ‘कच्ची’, ‘आळशी’, ‘हुशार’ हीं विशेषणें मुलास चिकटतात, व घरच्यांस त्यांवर करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. तोच शेरा असा लिहितां आला असता : ‘गुणाकार बिनचूक करते. भागाकारांत मधलें शून्य गाळते. रोज तीन उदाहरणें करवून घ्यावीं व उत्तर उलट गुणून पाहण्यास सांगावें.’ निरक्षर आईनेंही ‘गुणून पाहिलेंस का?’ एवढें विचारलें असतें तरी पुरें होतें.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितलें, आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानें महाराष्ट्रांत पहिली ते आठवीच्या शिक्षकांकडे वर्णनात्मक नोंदींचें काम आलें. हेतु उत्तम होता. परंतु लागलीच तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, आणि ‘परिपाठांत उत्साहानें सहभाग घेतो’ हें वाक्य निम्म्या वर्गाच्या वांट्यास येऊं लागलें. यांत केवळ शिक्षकांस दोष देणें मला रुचत नाहीं. चाळीस मुलें आणि इतके विषय एका रात्रींत आठवत नाहींत. दर आठवड्यास पांचच मुलांविषयीं डायरींत एकेक ओळ टिपावी, म्हणजे आठ आठवड्यांत सारा वर्ग होतो. हा उपाय मला फार उशिरां सुचला.

आतां आपल्या घरांविषयीं. एकत्र कुटुंबांत सही वडिलांची असते. पण संध्याकाळीं अभ्यासास घेऊन बसतात ते आजोबा, नाहीं तर काकू. शेरा त्यांच्यापर्यंत पोंचतच नाहीं. उलट माजघरांत चुलत भावंडांसमक्ष तो मोठ्यानें वाचला जातो, आणि ‘बघ, तिचा कसा आहे’ हें ठरलेलें वाक्य येतें. मुलास बाजूस घ्यावें, अभ्यास घेणाऱ्यासही बोलवावें, आणि प्रथम मुलालाच विचारावें कीं हें तुला पटतें का. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतील प्रगतिपत्रकांतही मुलाच्या स्वतःच्या मतास जागा आहे.

आणि शेऱ्याचा बोध झाला नाहीं, तर शाळेंत जाऊन शिक्षकांस नम्रपणें एवढेंच विचारावें : ‘हें आपणांस त्याच्या कोणत्या कामांत दिसलें?’ मुलाची वही उघडून ते दाखवूं लागले, तर जवळ बसून घ्यावें. उत्तर आलें नाहीं, तर तो शेरा पुस्तिकेंतून उतरलेला आहे असें खुशाल समजावें, व मुलास त्यावरून बोलूं नये.