तबकडीवरील गाणें व बिनतारी गाणें



घरीं बसून गाणें ऐकावयाचे आज दोन मार्ग आपल्यापुढें आहेत. एक, सीडीची तबकडी यंत्रांत घालून ऐकण्याचा. दुसरा, इंटरनेटवरून गाणें मागवून तें बिनतारी स्पीकरवर ऐकण्याचा. यांत सरस कोणता, यावर गेल्या दिवाळींत आमच्या घरीं वाद झाला. नातू म्हणाला, "आजोबा, या तबकड्या आतां मोडींत काढा." मी म्हणालों, "तबकडीची सर तुझ्या मोबाइलला यावयाची नाहीं." मास्तरकीच्या संवयीप्रमाणें मीं परीक्षा घेण्याचें ठरविलें. तिचा निकाल सांगण्यापूर्वीं दोन्हींची रचना थोडक्यांत पाहूं.

सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. ध्वनि म्हणजे हवेंतील कंप. त्या कंपाचें माप सेकंदांत ४४,१०० वेळां घेतात व प्रत्येक माप १६ बिटांच्या संख्येनें लिहितात. डावा व उजवा असे दोन्ही भाग मिळून सेकंदाला सुमारें १४ लक्ष ११ हजार बिट होतात. इतकीं मापें कशासाठीं? सेकंदाला सुमारें २०,००० कंपांपलीकडील स्वर मनुष्याला ऐकूं येत नाहीं, आणि कोणताहि कंप नीट टिपावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें लागतें. हे आंकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें तबकडींत उमटविलेले असतात व लेसरचा किरण ते मध्यापासून कडेकडे वाचीत जातो. सुई टेकत नसल्यामुळें झीज होत नाहीं. शिवाय कांहीं आंकडे जादा लिहिलेले असतात. लहानसा ओरखडा पडला तरी त्यांवरून गेलेला मजकूर यंत्र पुन्हा जुळवूं शकतें.

इंटरनेटवरील सेवा पुष्कळदां आंकडे कमी करून पाठवितात. मोठ्या स्वरामागें दडलेला बारीक स्वर कानाला जाणवत नाहीं. तो गाळला कीं सेकंदाला ३ लक्ष २० हजार बिटांत, किंवा त्याहूनहि कमींत, काम भागतें. आतां मात्र कांहीं सेवा कांहींहि न गाळतां गाणें देतात. ॲपल म्यूझिकनें २०२१ सालीं व स्पॉटिफायनें २०२५ सालीं ही सोय सुरू केली. तथापि घरांतला शेवटचा टप्पा विसरूं नये. वायफायवरून सर्व आंकडे सुखरूप पोंचतात. नेहमींच्या ब्लूटूथवर मात्र ते पुन्हा दाबून, चांगल्या जुळणींतहि सेकंदाला सुमारें ३ लक्ष २८ हजार बिटांत बसवावे लागतात. धरण तुडुंब भरलेलें असलें, तरी घरांतला नळ अरुंद असेल तर धार बारीकच येणार!

आतां परीक्षा. तबकडीचें यंत्र व वायफायवरून येणारें न गाळलेलें गाणें, दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडलीं. आवाज समान ठेवला. कारण जो किंचित् मोठा, तोच गोड वाटतो. मी पाठमोरा बसलों. दहा वेळांपैकीं पांच वेळां माझें उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनहि तितकेच गुण मिळाले असते! माझे कान अडुसष्ट वर्षांचे आहेत हें खरें. परंतु नातवालाहि सहाच मिळाले. त्यानंतर तेंच गाणें एका चिमुकल्या स्पीकरवर लावलें, तेव्हां तंबोऱ्याचा खर्ज पार लोपला, हें दोघांनाहि तत्काळ कळलें. तात्पर्य, फरक बहुधा स्पीकरचा असतो.

मग तबकड्या मोडींत काढाव्या काय? माझे एक दिवंगत स्नेही आमच्याच शाळेंत शिक्षक होते व पेटी उत्तम वाजवीत. एका ख्यालगायनाच्या सीडीवर त्यांची साथ आहे. सोबतच्या पुस्तिकेंत त्यांचें नांव छापलेलें आहे. मोबाइलवर गायकाचें तेवढें दिसे. त्यांच्या पुण्यतिथीला वहिनी आमच्याकडे तें गाणें ऐकावयास येतात. यंदा नातवानें मोठ्या हौसेनें मोबाइल पुढें केला, तों यादींतून तें गाणेंच नाहींसें झालेलें! ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्यांच्याकडे असतात त्यांच्याशीं झालेला करार संपला, कीं सेवेला गाणें काढून घ्यावें लागतें. आपण वर्गणी भरली म्हणून तें आपलें होत नाहीं. नातू कांहीं बोलला नाहीं. त्यानें कपाट उघडून तबकडी काढली आणि वहिनींनीं डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली.

नवें, अपरिचित गाणें धुंडाळावयास इंटरनेटसारखें साधन नाहीं. तें अवश्य वापरावें. परंतु जें गाणें हरवलें तर आपणांस चुटपुट लागेल, त्याची तबकडी जपावी. ती कडेनें धरावी, पुसतांना मऊ फडक्यानें मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, आणि 'फ्लॅक' या पद्धतीनें संगणकावर तिची प्रत काढून ठेवावी. तींत कांहींहि गाळलें जात नाहीं. प्रत काढतांना पुस्तिकेंतील साथीदारांचीं नांवें मात्र आठवणीनें उतरून घ्यावीं.