लोकलच्या पाट्यांवरून आलेला ‘यात्रा वन’ : हा फॉन्ट कुठे वापरायचा आणि कुठे टाळायचा?

मिसळ हाउसचा लोगो असो, लग्नपत्रिका असो की इन्स्टाग्रामची पोस्ट, जुन्या वळणाची अक्षरं अनेकांना हवी असतात. फ्लेक्स येण्याआधी पेंटर ब्रशने पाट्या रंगवायचे, तसा लूक देणारा एक मोफत फॉन्ट म्हणजे ‘यात्रा वन’.

हा फॉन्ट आला कुठून?

कॅथरीन ली श्मिट या डिझायनरने तो तयार केला. प्रेरणा होती मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची. देवनागरी लिहिताना बोरूचं टोक जसं तिरकं धरतात, त्याच वळणाने यातली इंग्रजी अक्षरंही काढली आहेत. त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटतात. दोन भाषांतला लोगो करताना याचा मोठा फायदा होतो.

कुठे शोभतो, कुठे नाही?

हा डिस्प्ले फॉन्ट आहे, म्हणजे थोडे शब्द आणि मोठा आकार. पोस्टर, मुखपृष्ठ, थंबनेल, दुकानाची पाटी इथे तो उठून दिसतो. पण पत्ता, वेळ, फोन नंबर यासाठी तो वापरू नका. अक्षरं जाड असल्याने लहान आकारात ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या आतली मोकळी जागा बुजते आणि पाहुणे भलत्याच हॉलवर पोहोचू शकतात. तपशिलासाठी ‘मुक्ता’सारखा साधा फॉन्ट घ्या.

यात एकच जाडी आहे. ‘बोल्ड’चं बटण दाबलं तर सॉफ्टवेअर अक्षरं कृत्रिमरीत्या फुगवतं. ठळकपणा हवा असेल तर आकार वाढवा.

धंद्यासाठी वापरला तर पैसे पडतात का?

नाही. गुगल फॉन्ट्सवर तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतो. लोगो, पॅकिंग, टी-शर्ट यांवर खुशाल वापरा. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. इंटरनेटवरचे बरेच सजावटी फॉन्ट मात्र फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात. ते दुकानाच्या पाटीवर गेले तर पुढे पैशांची मागणी होऊ शकते. म्हणून फॉन्टसोबत आलेली लायसन्सची फाइल आधी वाचा.

युनिकोडचं काय?

जुने अनेक मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो आणि सर्चमध्येही सापडत नाही. ‘यात्रा वन’ युनिकोड असल्याने वेबसाइटवरचं शीर्षक सर्चमध्ये येऊ शकतं. पण पोस्टचा फोटो झाला की तो मजकूर राहत नाही, म्हणून महत्त्वाची माहिती कॅप्शनमध्येही लिहा.

शेवटी एक सोपी चाचणी : डिझाइन मोबाइलवर उघडा आणि घरातल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला दाखवा. तारीख आणि ठिकाण त्यांना झूम न करता वाचता आलं, तर पोस्ट टाकायला हरकत नाही.