ठिपके नसलेली चित्रं

अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची, चित्रं म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ठिपके येतात. जशी वारली म्हटल्यावर तारप्याभोवती नाचणाऱ्यांची रांग. हे ठिपके अ‍ॅक्रिलिक रंगांत उतरू लागले ते १९७१च्या सुमारास, मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत. पुढे बाजारानं ते असे डोक्यावर घेतले की ज्याच्याकडे ठिपके नाहीत तो अस्सल नाही, असंच ठरून गेलं. मग ब्रिस्बेन-सिडनीत राहणाऱ्या, आर्ट स्कूलमध्ये शिकलेल्या चित्रकारानं जायचं कुठे?

सिडनीत १९८७ साली अशा दहा जणांनी ‘बूमाली’ ही सहकारी संस्था काढली. नावाचा अर्थ घाव घालणं, खूण उमटवणं. फिओना फोली, ट्रेसी मॉफट, मायकल रायली त्यातलेच. रिचर्ड बेलनं तर २००३ साली कमाल केली. अ‍ॅबोरिजिनल कला हा गोऱ्यांचा मामला आहे, असं ठळक अक्षरांत रंगवलं आणि त्याच चित्रावर अ‍ॅबोरिजिनल कलेचा राष्ट्रीय पुरस्कार पटकावला. परीक्षकांचं कौतुक करावं की कीव, माझं अजून ठरत नाही.

या मंडळींची खोड अशी की ती राज्यकर्त्यांच्याच जुन्या चित्रांची पेटी उघडून बसतात. गॉर्डन बेनेटला (१९५५–२०१४) आईचं अ‍ॅबोरिजिनल मूळ कळलं ते अकराव्या वर्षाच्या आसपास. १७७० साली कॅप्टन कूक पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावे करतोय, असा एक जुना छापील देखावा आहे. त्यात पेयांचा ट्रे धरलेला एक काळा नोकरही आहे. बेनेटनं १९९१मध्ये तो देखावा उचलला आणि एका चित्रात नोकराच्या जागी काळे, लाल, पिवळे भौमितिक तुकडे बसवले. अ‍ॅबोरिजिनल झेंड्याचे रंग. माणूस झाकला गेला, पण नजर जाते ती तिथेच. डॅनियल बॉइडनं २००६ साली कूकच्या डोळ्यावर सरळ चाच्याची पट्टीच बांधली.

मला सर्वांत आवडते ती फोलीची चलाखी. ब्रिस्बेनच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाबाहेर तिला शिल्पाचं काम मिळालं. कांस्याची कमळं, पोलादी खांब, राख, पाण्याचे तुषार आणि फरशीत कोरलेली ९४ गावांची नावं. विषय काय, तर क्वीन्सलंडमधले वणवे आणि पूर, असं तिनं सांगितलं होतं. २००४ साली काम पुरं झालं, आणि मग तिनं उलगडा केला: ही ९४ ठिकाणं अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या कत्तलींची. प्रेतं जाळली गेली किंवा पाण्यात टाकली गेली, म्हणून राख आणि पाणी. न्याय मागायला येणारा रोज त्या नावांवरून चालत आत जातो.

वीस वर्षांनी, २०२४च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात, अ‍ॅबोरिजिनल कलाकार आर्ची मूरनं ऑस्ट्रेलियाच्या दालनाच्या काळ्या भिंती खडूनं भरल्या. हातानं लिहिलेली वंशावळ, ६५,००० वर्षं मागे जाणारी, भिंतींवरून छतापर्यंत. काही नावं नोंदींतून घेतलेली, काही जागी नावाऐवजी गोऱ्यांनी दिलेल्या शिव्या. मध्येच काळी भगदाडं: कत्तली, रोगांच्या साथी. खाली पाण्यानं वेढलेलं टेबल, त्यावर अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या कोठडीतल्या मृत्यूंच्या चौकशी अहवालांचे गठ्ठे, नावं झाकलेली. पाणी ओलांडून हात पोहोचत नाही.

या कामाला बिएनालेचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला, ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच. नंतर सरकारनंच ते मिळवलं आणि दोघांना मिळून भेट दिलं: एक क्वीन्सलंडचं कलादालन, दुसरी लंडनची टेट.